दशावताराचे चित्रीकरण व्हावे, पण कंपनीला विचारून

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

त्रिपुरारी पौर्णिमा जवळ आली की सिंधुदुर्गातील गावोगावच्या देवळांत जत्रेची बोलणी सुरू होतात आणि त्या बोलण्यांत पूर्वापार दोन प्रश्न असतात: पालखी किती वाजता निघणार आणि दशावताराचे, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या पौराणिक लोकनाट्याचे, नाटक कोणत्या कंपनीचे (नाटकमंडळीचे) आणायचे. गेल्या काही वर्षांत त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे, तो म्हणजे नाटक ‘लाईव्ह’ कोण दाखवणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मानकरी आणि देवस्थान समितीचे सदस्य एकत्र बसून ठरवतात. तिसऱ्याचे उत्तर कोणीच ठरवत नाही. ज्याच्याकडे बऱ्यापैकी कॅमेरा असतो तो संध्याकाळीच देवळाच्या आवारात स्टँड उभा करतो आणि तेच गावाचे उत्तर होऊन बसते. या न ठरवलेल्या गोष्टीविषयी मला आपल्या वृत्तपत्राद्वारे लिहायचे आहे.

प्रथम हे स्पष्ट करतो की दशावतार मोबाईलवर दिसू लागला याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या शेजारच्या आजींना आता देवळापर्यंत चालवत नाही. गेल्या जत्रेला त्यांनी अंथरुणावर बसून, नातवाच्या हातातील फोनवर, पहाटेपर्यंत नाटक पाहिले आणि शेवटी दहीहंडी फुटली तेव्हा तिथूनच हात जोडले. भांडुप, डोंबिवली, नालासोपाऱ्यात राहणारा चाकरमानी रजा मिळाली नाही तरी गावच्या जत्रेत असतो, आखाती देशांत नोकरीला गेलेला मुलगाही असतो. सीमेपलीकडे गोव्यातील पेडणे, डिचोली, सत्तरीत ज्याला ‘कालो’ म्हणतात तो खेळ आणि आमच्याकडचा ‘धयकालो’ एकमेकांच्या प्रेक्षकांना घरबसल्या पाहता येतो. हे सगळे त्या कॅमेऱ्यामुळे झाले आहे आणि ते बंद पडावे असे मला मुळीच वाटत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की जे दाखवले जाते ते ज्यांचे आहे त्यांना विचारून, त्यांच्या नावानिशी आणि त्यांचा वाटा ठेवून दाखवले जावे.

दशावताराच्या बाबतीत हा आग्रह विशेष कारणाने धरावा लागतो. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. दासबोधात ज्यांचा उल्लेख सापडतो असे हे दशावतारी खेळ इतकी शतके चालत आले ते कागदाच्या आधाराने नव्हे. मालक किंवा जाणता कलाकार संध्याकाळी कथानक सांगतो, कोणी कोणते पात्र करायचे ते ठरते, आणि पुढची सारी भाषणे, सवाल-जवाब, शोक आणि युद्धाची आव्हाने कलाकार उभ्याउभ्या रचतात. कर्नाटकातील यक्षगानात भागवताच्या, म्हणजे गायक-सूत्रधाराच्या, हाती निदान पद्यांचा बांधलेला प्रसंग असतो. आमच्या कलाकारापुढे एक बाकडे, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज, आणि पाठीशी पुराणांचे पाठांतर, एवढेच असते. आडदशावतारातील, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातील, काळ्या वेशातला संकासुर त्या गावची त्या वर्षीची उणीदुणी मालवणीत मांडतो, ती दुसऱ्या गावी तशीच्या तशी चालत नाहीत. म्हणजे त्या रात्री जे बोलले गेले ते फक्त त्या रात्रीचे असते. ते कुठे उतरले असेलच तर त्या चित्रफितीत. छापील नाटकाचे चित्रीकरण हरवले तरी पुस्तक उरते. इथे चित्रफीत हेच पुस्तक आहे. मग ते पुस्तक कोणाच्या ताब्यात आहे, त्यावर कोणाचे नाव आहे आणि त्याच्या विक्रीचे पैसे कोणाला मिळतात, हे प्रश्न क्षुल्लक कसे मानावेत?

या बाबतीत कायदा पुष्कळ स्पष्ट आहे, परंतु आपल्या जिल्ह्यात तो कोणी कोणाला सांगितलेला दिसत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क आले. कायद्यातील सादरकर्त्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरत करणारा, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहे. गारुड्याला जो कायदा विसरला नाही त्याच्या कक्षेबाहेर आमचा राजापार्टी (राजाच्या भूमिका करणारा) किंवा स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणारा पुरुष) कलाकार कसा असेल? सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण करणे, त्याच्या प्रती काढणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे यांवर सादरकर्त्याचा हक्क आहे आणि तो 50 वर्षे टिकतो. स्वतःपुरते चित्रीकरण, अभ्यास किंवा अध्यापन यांना सूट आहे, त्यामुळे आपल्या भावाने केलेल्या भूमिकेचे चित्रीकरण करून ते घरात जपून ठेवणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही आणि अडवूही नये. प्रश्न यूट्यूबसारख्या ठिकाणच्या सार्वजनिक वाहिनीचा आणि तिच्या उत्पन्नाचा आहे.

2012 च्या दुरुस्तीतील एक तरतूद कंपन्यांच्या मालकांनी आणि कलाकारांनी नीट समजून घ्यावी अशी माझी विनंती आहे. कलाकाराने आपले सादरीकरण चित्रफितीत घ्यायला एकदा लेखी संमती दिली की, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर, निर्मात्याने त्या चित्रफितीचा उपयोग करण्याला त्याला हरकत घेता येत नाही; मात्र व्यावसायिक वापराबद्दल रॉयल्टी मिळण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो. म्हणून रंग लावण्याच्या घाईत, अर्ध्या उजेडात, कोणी पुढे केलेल्या कागदावर सही करून मोकळे होऊ नये. तो कागद दिवसाउजेडी वाचावा.

पैशाचा विषय काढला की काही जण नाराज होतात. देवाच्या दारी चाललेल्या सेवेत हिशोब कसला, असे मला एका बैठकीत ऐकवण्यात आले. परंतु यूट्यूबवर लांब चित्रफितीच्या आधी-मध्ये दिसणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नापैकी 55 टक्के रक्कम पात्र ठरलेल्या वाहिनीच्या चालकाला मिळते, ही रक्कम काही देवाच्या पेटीत पडत नाही. कलाकार रात्रीच्या हिशेबाने पैसे घेतो, त्याला ‘नाईट’ म्हणतात. कार्तिकात सुरू झालेला हंगाम वैशाखाच्या सुमारास सरतो आणि पावसाळ्याचे महिने त्याला शेतीवर किंवा मिळेल त्या मजुरीवर काढावे लागतात. वाहिनीचे उत्पन्न मात्र पावसाळ्यातही थांबत नाही, उलट घरी बसलेली माणसे तेव्हाच जुनी नाटके पाहतात. ज्याच्या आवाजावर आणि घामावर ते उत्पन्न उभे आहे त्याला त्यातला वाटा देणे हे सेवेच्या विरुद्ध नाही. सगळ्या वाहिन्या मोठी कमाई करतात असे मी म्हणत नाही. अनेक तरुण पदरमोड करून, थंडीत रात्रभर जागून हे काम करतात आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. कमाई नसेल तर वाटाही नसेल, पण ती झाली तर काय, हे आधी ठरलेले असावे.

पैशाहून मला अधिक लागलेली गोष्ट वेगळी आहे. गेल्या हंगामात आमच्या गावच्या जत्रेत एका ज्येष्ठ स्त्रीपार्टी कलाकाराने पतिव्रतेचा शोक इतका उत्कट उभा केला की देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. चारच दिवसांनी त्या प्रवेशातले काही सेकंद कापून, त्यामागे भलतेच गाणे जोडून, पुरुष साडी नेसून रडतो अशी कुचेष्टा करणारी ओळ वर टाकून, ती फीत सगळीकडे फिरू लागली. त्या कलाकाराच्या घरात शाळेत जाणारी नात आहे, तिलाही ती कोणीतरी दाखवली. कलाकाराच्या नावलौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड त्याच्या सादरीकरणात करू नये, असा नैतिक हक्कही 2012 च्या दुरुस्तीने त्याला दिलेला आहे. पण तक्रार कोणाकडे करायची, फीत मूळ कोणी काढली, कापली कोणी, हे शोधण्याचे बळ त्या वृद्ध माणसात नव्हते आणि आम्ही गावकऱ्यांनीही पुढे होऊन काही केले नाही. याची मला खंत आहे. नाटकापूर्वी रंग लावण्याच्या जागेत शिरून, अर्धवट वेश केलेल्या कलाकारांचे चित्रीकरण करण्याची प्रथाही अशीच वाढली आहे. तिथे वेशभूषेच्या पेटाऱ्याची पूजा होते, गणपतीपुढे हात जोडून माणूस आपल्या पात्रात शिरतो. ती जागा सगळ्यांनी पाहण्याची नव्हे.

चित्रीकरणाचा परिणाम खुद्द खेळावरही होतो आहे. एखादे गाजलेले आख्यान पुढच्या गावातील निम्म्या लोकांनी आधीच फोनवर पाहिलेले असते, त्यामुळे त्यांना तीच टाळ्यांची वाक्ये आणि तेच ट्रिकसीन (चमत्काराची दृश्ये) हवे असतात. नवे कलाकार जुन्या नामवंतांची भाषणे चित्रफितीवरून पाठ करतात. शिकण्याचे साधन म्हणून हे चांगले आहे, कारण पूर्वी मोठ्या नटाचे काम पाहायला मैलोन् मैल चालत जावे लागे. पण पाठ केलेले भाषण जसेच्या तसे म्हटले की समोरचा कलाकार अडतो, सवाल-जवाब अडखळतात, आणि आयत्या वेळी रचण्याची जी ताकद ही या कलेची खरी विद्या आहे ती वापराविना गंजू लागते. यावर उपाय चित्रीकरण थांबवण्यात नाही. एकाच आख्यानाचे पाच कंपन्यांनी पाच रात्री केलेले पाच प्रकार शेजारी शेजारी ठेवून तरुणांना दाखवता आले, तर एकच प्रसंग किती अंगांनी बोलता येतो हे त्यांना कळेल. त्यासाठी नीट नोंद केलेला संग्रह लागतो.

आज तसा संग्रह नाही. आहेत त्या हजारो विखुरलेल्या फिती, आणि त्यांतील बहुतेकांवर कंपनीचे नाव आणि एखादे भडक शीर्षक एवढेच असते. कोणत्या गावी, कोणत्या तिथीला, कोणते आख्यान, कोणाची कोणती भूमिका, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, याचा पत्ता नसतो. वाहिनी बंद झाली की सगळेच नाहीसे होते. राज्य शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते, पण त्यासाठी कलेच्या सेवेचे पुरावे जोडावे लागतात. ज्याने आयुष्यभर रात्री जागवल्या त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. नाव, गाव आणि तारीख लिहिलेली चित्रफीत त्याच्या उपयोगी पडू शकेल. आपल्याच जिल्ह्यातील पिंगुळीचे उदाहरण समोर आहे. तिथल्या ठाकर समाजातील परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचा वारसा जपण्यासाठी स्वतःच्या गोठ्याचे संग्रहालय केले. त्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. एका कुटुंबाने गोठ्यात जे केले ते एवढ्या कंपन्या, एवढी देवस्थाने आणि एवढे कॅमेरे असताना दशावतारासाठी करता येऊ नये, असे मला वाटत नाही. सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयाने एक कपाट आणि एक संगणक या कामासाठी दिला, तरी सुरुवात होईल.

तोपर्यंत जे लगेच करता येईल ते देवस्थान समित्यांच्या हातात आहे. नाटक ठरवताना कंपनीशी तारीख आणि रकमेचे बोलणे होतेच. त्याच कागदावर आणखी चार ओळी लिहाव्यात. चित्रीकरणाला कंपनीची संमती आहे की नाही, असल्यास कोणत्या वाहिनीला, उत्पन्न झाल्यास कंपनीचा वाटा किती, आणि संपूर्ण चित्रफितीची एक प्रत कंपनीला किती दिवसांत मिळणार. फितीखाली सर्व कलाकारांची आणि वादकांची नावे लिहिण्याची अट त्यातच घालावी. रंग लावण्याच्या जागेत कॅमेरा नेऊ नये, असा फलक समितीने लावावा. कंपनी नको म्हणाली तर त्या रात्री वाहिनी नको, आणि देवळासमोर जमलेल्या रसिकांना ध्वनिक्षेपकावरून तसे सांगावे. मोचेमाडकर, वालावलकर, खानोलकर, पार्सेकर अशा जुन्या नावाच्या कंपन्यांनी मिळून एकच नमुना वापरायचे ठरवले, तर लहान मंडळांना एकट्याने आग्रह धरण्याचा संकोच वाटणार नाही.

आमच्या गावच्या समितीची बैठक जत्रेपूर्वी होईल, तिच्यापुढे मी असा मसुदा ठेवणार आहे. त्यात कंपन्यांच्या मालकांनी, कलाकारांनी आणि वाहिनी चालवणाऱ्या तरुणांनीही सुधारणा सुचवाव्यात. आपण या पत्राला जागा दिलीत तर त्या सूचना आपल्याच वाचकपत्रांच्या सदरातून सर्वांसमोर येतील आणि पहिली पालखी निघण्याआधी कागद तयार होईल.

आपला,
दशावताराचा एक जुना रसिक
कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग