सिमेंटचे पत्रे आणि जुनी विषारी औषधं : करारात लिहिलेलं काम न झाल्याची तक्रार

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
पाडकाम विभाग, नागपूर कार्यालय

विषय : आर्णी तालुक्यातील (जि. यवतमाळ) आमच्या जुन्या घराचं पाडकाम करताना सिमेंटचे पत्रे व कालबाह्य कीटकनाशकं यांची विल्हेवाट कराराप्रमाणे न लावल्याबाबत

महोदय,

आपलं १२ जूनचं पत्र मिळालं. उरलेले ९०,००० रुपये सात दिवसांत भरा, नाहीतर व्याज लागेल, असं त्यात लिहिलं आहे. हे पैसे मी भरणार नाही. फोनवर तीन वेळा कारण सांगितलं आणि तिन्ही वेळा "साइटवर बोलून घेतो" एवढंच उत्तर मिळालं, म्हणून आता सगळं लेखी कळवते आहे.

आमचं घर मातीच्या भिंतींचं, सागवानी खांबांचं. आधी वर कवेलू (कौलं) होते. वानरांचा कळप उतरला की ओळीच्या ओळी फुटायच्या आणि दर वर्षी शाकारणी करावी लागायची. म्हणून सासऱ्यांनी १९८४ साली कवेलू उतरवून सिमेंटच्या टिना टाकल्या, म्हणजे आपण कागदावर ज्याला ॲस्बेस्टॉस सिमेंट पत्रे म्हणता ते. एकूण ६४. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि घर पाडायचं ठरलं.

गावात घर पाडायला माणूस शोधावा लागत नाही. जेसीबीवाल्याने दोन दिवसांत जमीन सपाट करून देतो म्हणून मलब्यासकट ५५,००० रुपये सांगितले होते. मी त्याला नाही म्हटलं. मी ३१ वर्षं आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली आहे. पत्रा छपरावर धड असेल तोवर त्याचा फारसा त्रास नसतो. तो फुटला, कापला, घासला गेला की त्यातले तंतू हवेत सुटतात, हे मला ठाऊक होतं. मागे एकदा एक पत्रा फुटला तेव्हा त्याची कड मी जवळून बघितली होती. सरकीवर चिकटून राहिलेल्या तुसासारखे बारीक पांढरे तंतू तिथे दिसत होते. डोळ्यांना दिसतात ते तर जाड. छातीत खोल जाऊन बसणारे दिसतही नाहीत.

म्हणून हे काम जाणणारा माणूस मी चार महिने शोधला. आर्णीत विचारलं, दारव्ह्यात विचारलं, यवतमाळला दोन इंजिनियरांना भेटले. मिस्त्री म्हणायचे, "सिमेंटच्या टिनात काय असते बाई, फोडा अन् खड्ड्यात टाका." नागपूरच्या दोघांनी गाव लांब आहे म्हणून फोनच ठेवून दिला. मग आपले प्रतिनिधी घर बघायला आले. त्यांनी छापील दरपत्रक दिलं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी मोबाइलवर दाखवली. मी त्यांना अर्धा तास प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं पटली म्हणूनच सही केली. पाडकाम व मलबा ९५,०००, पत्रे काढणं व विल्हेवाट १,१०,०००, जुनी रसायनं ३५,०००, असे एकूण २,४०,००० रुपये ठरले. त्यातले १,५०,००० मी आगाऊ दिले. गावातल्या दरापेक्षा चौपटीहून जास्त पैसे मोजले ते एवढ्यासाठीच की ती धूळ कुणाच्या छातीत जाऊ नये आणि ते विष कुणाच्या पाण्यात जाऊ नये.

करारात साफ लिहिलं आहे की पत्रे आधी पाण्याने भिजवायचे. पत्रे धरणारे गंजलेले हुक 'बोल्ट कटर'ने कापायचे, ग्राइंडर लावायचा नाही. पत्रा अखंड उतरवायचा, वरून टाकायचा नाही. मजुरांना योग्य दर्जाचे मास्क आणि अंगभर घालायचे कपडे द्यायचे. पत्रे जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून बुटीबोरीच्या धोकादायक कचरा केंद्रावर पाठवायचे आणि तिथली पोच मला द्यायची.

११ मे रोजी सकाळी काम सुरू झालं. पाण्याची टंचाई असल्याने मी आदल्या रात्रीच टँकरवाल्याकडून दोनशे लिटरचे दोन ड्रम भरून अंगणात ठेवले होते. संध्याकाळी दोन्ही ड्रम काठोकाठ भरलेलेच होते. त्यांतलं एक घमेलंभर पाणीही पत्र्यांवर पडलं नाही.

साडेआठच्या सुमारास ग्राइंडरचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. छपरावर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा तोंडाला ओला दुपट्टा बांधून हुक कापत होता. हुकाबरोबर पत्राही कापला जात होता आणि धूळ थेट त्याच्या तोंडावर येत होती. मी ओरडून थांबवलं तर तो म्हणाला, "मी तं रोज असंच कापतो, मॅडम." मास्क कुठे आहे म्हणून विचारलं, तर त्याला मास्क कुणी दिलेलाच नव्हता. आपले सुपरवायझर सावलीत बसले होते. ते म्हणाले, "घाबरू नका बाई, सिमेंटच तं आहे." दुपारपर्यंत तुळशीच्या पानांवर गव्हाच्या पिठासारखा पांढरा थर बसला होता. खाली अंगणात माझी चार वर्षांची नात खेळत असते. तिला मी त्याच दिवशी माहेरच्या घरी पाठवून दिलं. मजुरांना मात्र पाठवायला जागा नव्हती. ती पाच पोरं चार दिवस त्या धुळीत होती, तिथेच डबा खात होती आणि त्याच कपड्यांनी घरी जात होती.

यातला धोका आपल्याला माहीत नाही असं मी मानत नाही. जागतिक आरोग्य संघटना सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला कॅन्सरचं कारण मानते. फुफ्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा (फुफ्फुसावरच्या आवरणाचा कॅन्सर), ॲस्बेस्टॉसिस (तंतूंमुळे फुफ्फुस कडक होणं) हे आजार श्वासातून तंतू गेल्यावर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी डोकं वर काढतात. तो पोरगा तेव्हा पन्नाशीकडे आलेला असेल. खोकला घेऊन तो प्राथमिक आरोग्य केंद्रात जाईल, तिथे आधी टीबीची थुंकी तपासतील आणि २०२५ च्या मे महिन्यात स्वतः कुठलं छप्पर उतरवलं होतं हे त्यालाही आठवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं जपून ठेवायला सांगितलं, ते याच कारणाने. आपल्याकडे त्या पाच जणांची साधी नावंही लिहिलेली नाहीत. मी विचारलं तेव्हा सुपरवायझरने सांगितलं की मजूर ठेकेदाराचे आहेत, आमचे नाहीत. करार माझ्याशी आपण केला, त्या ठेकेदाराने नाही.

आता पत्र्यांचं. १४ मेला मी बँकेच्या कामासाठी आर्णीला गेले होते. परत आले तर पत्र्यांची थप्पी निम्मी झालेली. गावातली माणसं "फुकट भेटले" म्हणून सांगत होती, कारण आपल्या माणसांनीच लोकांना सांगितलं होतं, लागत असतील तर घेऊन जा, आमचा फेरा वाचेल. एकाने शेळ्यांच्या गोठ्यावर टाकले, एकाने कुटाराच्या खोलीवर, आणि फुटके तुकडे पांदण रस्त्याच्या खड्ड्यांत भरून त्यांच्यावरून ट्रॅक्टर फिरवला. मी घरोघर जाऊन समजावलं. ज्यांना मी लहानपणी लस टोचली ती माणसं आहेत, त्यांनी ऐकलं. १७ पत्रे परत आणून आमच्या गोठ्याच्या मागे ठेवले आहेत. रस्त्यात दाबले गेलेले तुकडे मात्र अजून तिथेच आहेत आणि शाळेची पोरं त्याच पांदणीने जातात.

यानंतर आपण व्हॉट्सॲपवर जे "विल्हेवाट प्रमाणपत्र" पाठवलं ते मी प्रिंट काढून नीट वाचलं. त्याला जोडलेली काट्याची पावती ९ मेची आहे. आमच्या घराचा पहिला पत्रा निघाला ११ मेला. पावतीवर वजन ९४० किलो आहे. दहा फुटी पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, दोन माणसांशिवाय उचलत नाही. ६४ पत्र्यांचे पंचवीस क्विंटल व्हायला हवेत. गावात राहिलेले १७ वजा केले तरी अठरा क्विंटलच्या वर वजन असायला हवं होतं. शिवाय धोकादायक कचरा नेताना २०१६ च्या नियमांप्रमाणे नमुना १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याचा कागद, लागतं. त्यावर पाठवणारा, वाहतूकदार आणि घेणारं केंद्र अशा तिघांच्या सह्या असतात. आपल्या कागदावर फक्त आपलाच शिक्का आहे. ही पावती आमच्या पत्र्यांची नाही, असं मी स्पष्ट म्हणते. आमचे पत्रे कुठे गेले ते सांगा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली आहे. माळ्यावर सासऱ्यांच्या वेळची, पिकांवर मारायची औषधं होती. बीएचसी पावडरची अर्धी गोणी, एंडोसल्फानचे ॲल्युमिनियमचे चार डबे आणि लेबल गेलेल्या सहा बाटल्या. बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. आम्ही घाबरून त्यांना हात लावत नव्हतो. मी ११ नग मोजून, फोटो काढून आपल्या माणसाच्या ताब्यात दिले आणि त्याची सही घेतली. २४ मेला त्यातले दोन डबे मला भंगारवाल्याच्या हातगाडीवर दिसले, रिकामे आणि धुतलेले. कुठे धुतले म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तुमच्याच हापशीवर." आपल्या मजुराने शंभर रुपयांना विकले होते. बाकीच्या नऊ नगांचा पत्ता नाही.

त्या हापशीवर आमची आठ घरं पाणी भरतात. मी त्याच दिवशी ग्रामपंचायतीला सांगून ती बंद करून घेतली आणि पाण्याचा नमुना तपासायला दिला. मे महिन्याच्या उन्हात बायकांना दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणावं लागलं, अजूनही आणतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा मी नोकरीत होते. दिसत नाही, मळमळते म्हणत आलेली माणसं मी हाताला धरून गाडीत बसवली आहेत. त्यातली सगळी परत आली नाहीत. म्हणून ३५,००० रुपयांबद्दल मी एकदाही घासाघीस केली नव्हती.

माझं म्हणणं असं. पाडकाम आणि मलबा यांचे ९५,००० रुपये मला मान्य आहेत, ते काम झालं आहे. पत्रे आणि रसायनं यांचं काम झालेलं नाही. तेव्हा मी दिलेल्या १,५०,००० पैकी ५५,००० रुपये परत करा आणि ९०,००० ची मागणी लेखी मागे घ्या. आमच्याकडचे १७ पत्रे आणि पांदणीतले तुकडे, खालच्या वीतभर मातीसकट, योग्य रीतीने उचलून न्या आणि त्याचं खरं मॅनिफेस्ट मला द्या. उरलेले ४७ पत्रे आणि नऊ नग औषधं कुठे टाकली ते ठिकाण सांगा, म्हणजे तिथल्या लोकांनाही कळेल. हापशीच्या पाण्याच्या तपासणीचा आणि गाळ काढण्याचा खर्च द्या. त्या पाच पोरांची नावं-पत्ते नोंदवून त्यांची छातीची तपासणी आपल्या खर्चाने करा आणि त्यांनी कशात काम केलं हे सांगणारा कागद प्रत्येकाच्या हातात द्या. या शेवटच्या मागणीत मी तडजोड करणार नाही.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत हे झालं नाही तर मी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती कार्यालयाकडे तक्रार करेन आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, त्यामुळे नागपूरच्या फेऱ्या मारायची मला गरज नाही. फोटो, सहीचा कागद, काट्याची पावती आणि फोनच्या तारखा माझ्याकडे आहेत. पत्रासोबत त्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

गाडी पाठवण्याआधी एक दिवस फोन करा. मृग लागला आहे आणि पाऊस कधीही कोसळेल. ते १७ पत्रे मी ओले करून ताडपत्रीत गुंडाळून ठेवले आहेत. भरताना माणसं मास्क घालून आली नाहीत तर मी ताडपत्री उघडू देणार नाही.

आपली,
तक्रारदार ग्राहक
(नाव, पत्ता व फोन क्रमांक करारपत्रावर आहे)