बॅगेतल्या त्या पांढऱ्या डबीबद्दल

पोर्टलंड, अमेरिका, रविवार रात्री

तीर्थरूप पप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण आई पत्राचं शेवटचं पान पहिल्यांदा वाचते आणि मग घाबरते. जेवण वेळेवर, नोकरी शाबूत, कानटोपी घालतो, आणि पोलिसांनी मला काहीही केलेलं नाही. फोनवर तू रडायला लागलीस की मी खुळ्यागत हसत सुटतो, मग पप्पा फोन घेऊन "बरं, ठेव आता" म्हणतात. म्हणून पत्र. दादा, प्रिंट जरा मोठ्या अक्षरात काढ, पप्पांनी चष्म्याचा नंबर बदललेला नसणारच.

रोजचं तुम्हाला सगळं पाठ आहे, ते लिहीत नाही. सरळ आत्याच्या मुद्द्यावर येतो.

गणपतीत मी बॅगेचा फोटो टाकला होता. त्यात माझी फळी, म्हणजे स्केटबोर्ड, पाण्याची बाटली, आणि बाहेरच्या कप्प्यातून डोकावणारी पांढरी डबी. आत्याच्या जावयानं तो फोटो मोठा करून डबीवरचं नाव वाचलं, नेटवर शोधलं, आणि दोन दिवसांत कोल्हापुरात गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत झालं, की पोरगं गर्दुल्लं झालं. जावईबापूंनी अर्धंच वाचलं. ती नशा नाही, नशेवरचा उतारा आहे. मोठे काका रात्री उसाला पाणी पाजायला जाताना बॅटरी आणि काठी नेतात, म्हणून कुणी त्यांना साप पाळतात म्हणतं का?

आई, हे नीट समजावून सांगतो, म्हणजे तू आत्याला सांगशील. अफूच्या जातीची जी नशा असते, म्हणजे मॉर्फिन, हेरॉइन आणि हल्ली फेन्टानिल, ती मेंदूत जिथून श्वासाचा हुकूम सुटतो तिथंच जाऊन बसते. जास्त झाली की माणूस झोपल्यागत दिसतो, घोरल्यागत आवाज येतो, ओठ निळे पडतात आणि श्वास थांबतो. या डबीतल्या औषधाचं नाव नालोक्सोन. एसटीत रुमाल टाकून बसलेल्या माणसाला उठवून कुणी दांडग्यानं ती जागा बळकवावी, तसं ते त्या नशेला उठवतं आणि स्वतः बसतं. माणूस श्वास घेतो. पण या दांडग्याचं स्टॉप ३० ते ९० मिनिटांत येतं. तो उतरतो आणि आधीचा प्रवासी गाडीतच असतो, तो पुन्हा बसतो. म्हणून शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावंच लागतं.

वापरायलाही अवघड नाही. माणसाला उताणा करायचं, मान मागं टाकायची, नळी नाकपुडीत बोटं टेकेपर्यंत घालायची आणि खालचा खटका दाबायचा. आधी हवेत मारून बघायचं नाही, कारण डबीत एकच फवारा असतो. दोन-तीन मिनिटांत हालचाल नाही झाली तर दुसरी डबी दुसऱ्या नाकपुडीत. मध्ये तोंडानं श्वास द्यायचा, ९११ ला फोन करायचा. माणूस दारू पिऊन पडला असेल तर ह्याचा उपयोग नाही, पण अपायही नाही. मार्च २०२३ मध्ये इथल्या सरकारनं ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. मेडिकलमध्ये दोन डब्यांचं पाकीट ४५ डॉलरच्या आसपास मिळतं, काही ठिकाणी फुकटही वाटतात. ऑफिसातल्या पन्नाशीच्या बाईंच्या पर्समध्येसुद्धा लिपस्टिकशेजारी ही डबी असते. मलाही पहिल्यांदा बघून कसंतरीच झालं होतं. आता किल्ल्या, पाकीट, डबी, असं मोजून घराबाहेर पडतो.

पप्पा, तुम्ही विचारलंत, "तिकडं तर नशा कायदेशीरच हाय म्हणं?" तसं नाही. २०२० मध्ये इथल्या ओरेगन राज्याच्या लोकांनी मतदान करून ठरवलं की थोडी नशा जवळ सापडली तर तो गुन्हा धरायचा नाही, उपचाराकडं वळवायचं. उपचाराची सोय वेळेत उभी राहिली नाही, रस्त्यावर उघड धूर निघायला लागला, लोक वैतागले, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून तो परत गुन्हा झाला. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घाई केली आणि दुसऱ्यांदाही केली. पण मला इथं मताचा हक्क नाही.

आता फळीबद्दल. "इंजिनियर होऊन फळीला चाकं लावून खेळतोय" हे मी गेली चार वर्षं ऐकतोय. टोकियो ऑलिंपिकमध्ये ह्याच खेळात १३ वर्षांच्या जपानी पोरीनं सुवर्ण घेतलं, ही कात्रणं मीच पाठवली होती, वाचली नसतील. मात्र आत्याचं अगदीच खोटं आहे असंही म्हणणार नाही. ख्रिश्चन होसोई म्हणून एक फळीवाला होता, ऐंशीच्या दशकात ह्या खेळातल्या नावाजलेल्या टोनी हॉकच्या तोडीस तोड. २००० साली होनोलुलूच्या विमानतळावर क्रिस्टल मेथ नावाच्या नशेसकट सापडला, २००४ पर्यंत तुरुंगात होता. आता चर्चमध्ये पाद्री आहे आणि अजून फळीवर चढतो. सगळेच असे परत येत नाहीत.

नशा फळीतून येत नाही. ती येते मोडलेल्या हाडातून. इथं पडायचं ते सिमेंटवर. तुमच्या तालमीच्या हौद्यात लाल मातीला ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेलं असतं, इथं असलं काही नाही. मनगट गेलं, घोटा गेला, खांदा निखळला, की डॉक्टर ऑक्सिकोडोनच्या गोळ्या देणार. तीही अफूचीच नात. पूर्वी तर मूठमूठभर द्यायचे. चिठ्ठी संपते, दुखणं संपत नाही, विमा तर कित्येक पोरांचा नसतोच. मग कुणीतरी निळी गोळी देतो, वर छाप अगदी औषधाचा, आत फेन्टानिल. ते हेरॉइनच्या ५० पट कडक. २ मिलिग्रॅमसुद्धा माणसाला पुरतं, म्हणजे मिठाचे काही कण. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत १ लाखाहून जास्त माणसं ओव्हरडोसनं गेली. २०२४ मध्ये आकडा ८० हजारांच्या आसपास आला, तर लोकांना हायसं वाटलं. ऐंशी हजार म्हणजे आपलं कुस्तीचं खासबाग मैदान दोनदा भरून वर माणसं उरतील.

तुम्हाला माहीत नाही असं एक सांगतो. गेल्या वर्षी मेमध्ये माझं डावं मनगट मोडलं होतं. "व्हिडिओ बंद आहे, नेट खराब आहे" म्हणत होतो तो महिना आठवा. मलाही त्याच गोळ्या दिल्या होत्या. चार घेतल्या. चौथीनंतर इतकं बरं वाटलं की भीती वाटली. उरलेल्या मेडिकलमधल्या परत घ्यायच्या पेटीत टाकून आलो. हात आता पूर्ण बरा आहे, भाकरी थापता येते, थापत नाही ही गोष्ट वेगळी. आई, रागावू नकोस.

मी फळी खेळायला जातो ते पार्क बर्नसाइड पुलाच्या खाली आहे. १९९० साली पोरांनी कुणालाही न विचारता स्वतः सिमेंट कालवून त्याला सुरुवात केली. पुलाखालीच का, तर तिथं पाऊस लागत नाही. इथला पाऊस गगनबावड्यागत कोसळत नाही, पण महिनोन्‌महिने भुरभुरत राहतो. पुढं महापालिकेनंच मान्यता दिली. आपल्याकडं पेठेतल्या तालमीची इमारत वर्गणीतून उभी राहते तसंच, फक्त परवानगीचा कागद नंतर.

तिथं एक सेहेचाळीस वर्षांचा माणूस यायचा. मी मनात त्याला वस्ताद म्हणायचो, त्याला अर्थ सांगितल्यावर लाजला होता. पहिल्या दिवशी त्यानं मला फळीवर चढूच दिलं नाही. दोन तास नुसतं पडायला शिकवलं. हात पुढं टेकायचे नाहीत, गुडघे वळवायचे, खांद्यावरून लोळायचं. पप्पा, तुम्ही सांगायचा तेच, की तालमीत आधी पडायला शिकवतात. मला त्या दिवशी तुमची लई आठवण आली. फोनवर "आज क्लास होता" एवढंच बोललो होतो.

ह्या वस्तादाचा खांदा पंचविशीत गेला होता. गोळ्या, मग हेरॉइन, मग सगळं. पण सहा वर्षं त्यानं काही घेतलं नव्हतं. उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि परत घसरला. सोडलेल्या माणसाला धोका जास्त असतो, हे मला नंतर कळलं. शरीराची सवय गेलेली असते, हात मात्र जुन्याच मापानं घेतो.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तो गाडीत बसलेला दिसला. रेडिओ चालू, मान छातीवर. काच ठोकली, उठेना. दार उघडलं तर ओठ जांभळाच्या रंगाचे. डबीचं पाकीट माझ्या घामेजल्या बोटांनी फाटेना, दातानं फाडलं. पहिल्या फवाऱ्यानं काही झालं नाही. मी त्याला मराठीत हाका मारत होतो, "ऊठ की रे, ऊठ की", हे मला बाजूच्या पोरानं मागाहून सांगितलं. दुसऱ्या फवाऱ्यानंतर त्यानं असा श्वास ओढला जसा रंकाळ्यात बुडणारा माणूस वर येताना ओढेल. मग माझ्या बुटांवर ओकला आणि मलाच शिव्या घातल्या. ते औषध नशा एकदम उतरवतं, अंग मोडून निघतं, म्हणून शिव्या. गाडी आली, नेलं. पोलिसांनी मला फक्त नाव विचारलं. वाचवायला फोन करणाऱ्याला धरायचं नाही, असा इथं कायदा आहे. आत्यापर्यंत पोचलेलं "पोलीस" प्रकरण ते एवढंच.

आठवड्यानं तो आला आणि काही न बोलता नव्या नाड्यांची जोडी माझ्या हातात दिली. जुन्या त्यानंच खराब केल्या होत्या ना.

तो गेला. मागच्या महिन्यात, शनिवारी, स्वतःच्या खोलीत. दार आतून बंद होतं, टेबलावर डबी होती. ती स्वतःची स्वतःला मारता येत नाही. त्या शनिवारी मी पार्कात गेलो नव्हतो. इचलकरंजीच्या स्थळाचा कॉल होता ना, तोच दिवस. मी असतो तर फरक पडला असता असं नाही. तो खोलीत होता, पार्कात नव्हता. एवढंच, की शनिवारी तो दिसला नाही तर मी त्याच्याकडं चक्कर मारायचो.

पोरांनी पुलाखाली एका कोपऱ्यात नवं सिमेंट ओतलं. मीही घमेली वाहिली, ओल्यात थापी फिरवली. बारावीच्या सुट्टीत आपल्या वरच्या मजल्याच्या स्लॅबला तुम्ही मला राबवलं होतं ते कामाला आलं. सगळे म्हणाले, तुझा हात चांगला आहे.

आता पैशाचं. या महिन्यात ३५ हजार कमी येतील. त्याच्या घरच्यांकडं अंत्यविधीला पैसे नव्हते, वर्गणी काढली, त्यात ४०० डॉलर दिले. पुढच्या महिन्यात भरून काढतो. पप्पांच्या मोतीबिंदूचे पैसे वेगळे ठेवलेत, त्याला हात लावलेला नाही, तारीख घ्या. आणि पप्पा, मावा सुटला का? दादा म्हणतो सुटला, आई म्हणते गाडीच्या डिकीत पुडी असते. मी इथं बसून कुणाचं खरं मानू?

इचलकरंजीचं स्थळ. मुलगी चांगली आहे, माझ्यापेक्षा हुशार आहे. कॉलवर मी गप्प होतो ते ती आवडली नाही म्हणून नाही, कॉल संपायच्या सुमाराला पार्कातल्या पोरांचे मेसेज यायला लागले होते. तिला वाटलं असेल लक्षच नाही. आई, त्यांना नाही म्हणून सांगितलं नसशील तर तिचा नंबर पाठव, मी स्वतः बोलतो. फळीचंही मीच सांगेन, डबीचंही. तुम्ही "तो ट्रेकिंग करतो" असं काही सांगू नका.

एक शेवटचं, दादा, हे तू एकट्यानं वाच. गेल्या दिवाळीत आलो होतो तेव्हा मामाच्या बारक्याच्या जिमच्या बॅगेत इंजेक्शनच्या बाटल्या बघितल्या होत्या. ऑपरेशनच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणायला देतात ते औषध. पोरं व्यायामाच्या आधी मारतात, म्हणे दम लागत नाही. त्यानं "जीवनसत्त्व हाय रे" म्हटलं आणि मी मान डोलावली. दिवाळीत कुठं भांडण काढायचं म्हणून. माझ्या डबीचा फोटो सगळ्या गल्लीनं मोठा करून बघितला, त्याची बॅग कुणी उघडली नाही, मी बघूनही गप्प बसलो. मामाला लगेच सांगू नकोस, तो पट्टा काढेल आणि पोरगं पळून जाईल. तू त्याला घेऊन फडताऱ्यांकडं मिसळ खायला जा, आणि नुसतं विचार, दुखतंय का कुठं. जमलं तर पुढच्या रविवारी त्याला माझ्याशी बोलायला बसव. मी सकाळी सातला उठून थांबतो, तुमचे संध्याकाळचे साडेसात.

फराळाचं पार्सल निघालं का? चकल्या मोडल्या तरी चालतील, चिवड्यात शेंगदाणे जास्त घाल. आत्याला नमस्कार सांगा, आणि जावईबापूंनाही.

तुमचा,
धाकटा