काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या माझ्या लेकीस

चि. मीनल हीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पबमध्ये काम मिळालंय, शुक्रवारपासून काउंटरला. मला थोडं शिकवा." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन आईच्या हातात दिला. तुला वाटलं असेल बाबा रागावले. रागावलो नाही गं, काय बोलावं तेच सुचेना. खोलीचं भाडं, फी, आठवड्याला २० तासांची अट, सगळं मला कळतं. पण तुला या काउंटरपासून लांब ठेवायचं म्हणून मी उभा जन्म काउंटरमागे काढला, आणि तू ग्लासगोत जाऊन नेमकी तिथेच उभी राहणार, हे पचायला वेळ लागला. आई अजून नीट बोलत नाही. बोलेल.

शिकवायचं ते पुढे सगळं लिहितो. त्याआधी एकच गोष्ट, ती आत्ता सांगून टाकतो आणि पुन्हा काढणार नाही. रात्री गिऱ्हाईक गेलं, ग्लास पुसून झाले, गल्ला मोजून झाला की स्टाफला एक ड्रिंक देतात. तिकडेही ती पद्धत आहे. ते घेऊ नकोस.

आता कामाचं.

दारू दोनच जातींची, आंबवलेली आणि गाळलेली. बिअर, वाइन, आपली माडी ही आंबवलेली. यीस्ट साखर खातं आणि दारू करतं, पण चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास त्या दारूतच ते बहुधा गारद होतं. त्याहून कडक हवी तर भट्टी लावावी लागते. दारू ७८ अंशांना उकळते आणि पाणी १०० ला, त्यामुळे वाफेत दारू जास्त येते. ती वाफ थंड केली की स्पिरिट. तुमच्या पबच्या मागच्या फळीवर जे काही उभं असेल, ते या एका खटपटीतून आलेलं.

आणि ही खटपट तू पाहिली आहेस. पेडण्याला आजोळी काजूच्या हंगामात मामा कोळमीत, म्हणजे रस काढायच्या कुंडात, बोंडू तुडवायचा. तुडवलेल्या चोथ्याचा ढीग बांधून त्यावर दगड ठेवला की खाली थेंब थेंब स्वच्छ रस पडायचा, तो नीरो. तू वाटी धरून बसायचीस आणि पिऊन झालं की हनुवटीपासून फ्रॉकपर्यंत डाग. ते डाग धुऊन जात नाहीत म्हणून आई ओरडायची, तरी दुसऱ्या दिवशी तू तिथेच. उरलेला रस तीन-चार दिवस माठात राहिला की फसफसायचा, मग भट्टीवर. भांड्याचं तोंड बंद करून सांधे वारुळाच्या मातीने लिंपायचे, नळी दुसऱ्या मडक्यात सोडायची आणि त्या मडक्यावर गार पाणी ओतत राहायचं. पहिल्या धारेचा हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांचा. तो ताज्या आंबलेल्या रसात घालून पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी, चाळिशीच्या वर. मामा धार ग्लासात उंचावरून सोडून बुडबुडे किती टिकतात त्यावरून जोर ओळखायचा. काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे गोव्याचीच म्हणून सरकारी नोंद, मिळाला तेव्हा त्याने मला फोन करून सांगितलं होतं, जणू घरात कुणी पास झालं. काजू मुळात ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला, पण फेणी गोंयचीच.

तिकडे हुर्राक कुणी मागणार नाही. पण हे डोळ्यांसमोर ठेव म्हणजे कुठलंही लेबल तुला परकं वाटणार नाही. दरवेळी तीनच प्रश्न विचारायचे. कशापासून, कशी गाळली, कशात मुरवली?

द्राक्षाची वाइन गाळली की ब्रँडी. उसाच्या मळीची किंवा रसाची रम. टकीला मेक्सिकोच्या निळ्या अगाव्हेची, म्हणजे आपल्या बांधावर असतं त्या घायपाताच्या भाऊबंदाची. व्होडका कशाचीही, धान्याची नाहीतर बटाट्याची, पण चव जवळजवळ काढून टाकलेली. तशाच कोऱ्या स्पिरिटला जुनिपरच्या फळांचा आणि धणे, लिंबाची साल वगैरेंचा वास दिला की जिन. जिनच्या बाटलीत तुला धणे ओळखू आले तर मला कळव.

व्हिस्कीचं मात्र नीट शीक, कारण तू त्या देशात आहेस. स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमध्येच गाळलेली, तिथेच ओकच्या पिंपात निदान ३ वर्षं मुरलेली आणि ४० टक्क्यांच्या खाली नसलेली. भट्टीतून येते तेव्हा ती पाण्यासारखी पांढरी असते. रंग मुख्यतः पिंपाचा, थोडा कॅरॅमलचाही चालतो. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, निव्वळ मोड आणलेल्या जवाची. आयला बेटावरच्या काही व्हिस्क्यांना धुराचा वास येतो. तिथे जव सुकवायला पीट जाळतात, दलदलीत साठलेली जुनी वनस्पती. नवख्या माणसाला ती एकदम देऊ नकोस, तोंड वाकडं करून परत करेल. आपल्याकडची बरीच स्वस्त व्हिस्की मळीच्या स्पिरिटवर केलेली असते. ती तिकडे व्हिस्की या नावाने विकताच येत नाही. पण कुणी यावरून आपल्याला नावं ठेवली तर ऐकून घेऊ नकोस. बंगळुरूच्या अमृतने आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आणली ती २००४ मध्ये, आणि कुठे? ग्लासगोत. आपल्या हवेत पिंपातली व्हिस्की फार लवकर मुरते आणि फार उडूनही जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोन टक्के उडते, इथे दहाच्या वर. असल्या हवेत काढलेला माल घेऊन ती माणसं तुझ्याच गावात जाऊन उभी राहिली. हे वाचताना मला तुझीच आठवण येते.

आता माप. इथे स्मॉल ३० मिली, लार्ज ६०. तिकडे २५ किंवा ३५, आणि पब कुठलं माप देतो त्याची पाटी लावलेली असते. पहिल्या दिवशी ती बघून ठेव. अंदाजाने ओतू नकोस, मापाने ओत, कितीही घाई असली तरी. ४० टक्क्यांची २५ मिली म्हणजे बरोबर १० मिली शुद्ध दारू, त्याला तिकडे एक युनिट म्हणतात. लिव्हरला एक युनिट उरकायला साधारण तास लागतो. लोक म्हणतात, मी फक्त बिअर घेतो. आपली ६५० मिलीची बाटली ५ टक्क्यांची धरली तर साडेबत्तीस मिली दारू होते, अडीच स्मॉल. ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर चार. तिकडचा पाइंट ५६८ मिलीचा, म्हणजे साधी बिअर असली तरी दोन युनिटांच्या वर. रात्री बाराला, दिवसभर कॉलेज करून, उपाशी पोटी स्टाफचा म्हणून एक पाइंट घेतला तर अडीच वाजेपर्यंत तो अंगात. आणि सकाळी लेक्चर.

बघ, पुन्हा काढणार नाही म्हटलं होतं.

मिक्स ड्रिंक्स शंभर पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. पहिल्या महिन्यात चार नीट कर. जिन-टॉनिकला ग्लास काठोकाठ बर्फाने भर, जिन एक भाग, टॉनिक तीन भाग, टॉनिक हळू सोड म्हणजे गॅस राहतो, चमचा एकदाच फिरव. रम-कोला तसंच, वर लिंबाची फोड पिळून ग्लासातच टाकायची. लिंबाशिवाय ते नुसतं गोड लागतं. व्हिस्की-सोड्यात सोडा थंडगार पाहिजे, कोमट सोड्याने चांगली व्हिस्कीही मरते. बर्फाबद्दल गिऱ्हाईक कुरकुरतं, बर्फ घालून फसवता म्हणतं. पण माप आधीच ओतलेलं असतं. आणि दोनच खडे टाकले तर ते लगेच वितळून पाणी करतात, भरपूर बर्फ असला की तो एकमेकाला गार ठेवतो आणि उशिरा वितळतो.

चौथं डाकिरी. रम ६०, लिंबाचा रस ३०, साखरेचा पाक २०, साखर आणि पाणी समसमान घेऊन केलेला. शेकरमध्ये बर्फ घालून, शेकर हाताला चटका बसेल इतका गार होईपर्यंत जोरात हलव आणि गाळून दे. क्यूबात सांतियागोजवळ डाकिरी नावाचं ठिकाण आहे, तिथलं हे. हे एक जमलं की बरीच जमली, कारण सांगाडा तोच, कडक, आंबट, गोड. रमच्या जागी व्हिस्की घातलीस की व्हिस्की सावर. टकीला घातलीस आणि पाकाऐवजी संत्र्याचं लिक्युअर, म्हणजे गोड दारू, की मार्गारिटा. रस असेल तर शेक करायचं, नुसतं स्पिरिट असेल तर चमच्याने ढवळायचं. लिंबू त्याच दिवशी कापलेलं पाहिजे.

लिंबं अण्णा कापायचा. दुकान उघडायच्या आधी, सुती फडकं अंथरून, आठ फोडी एकसारख्या, एकही बी नाही. मला धंदा शिकवला त्यानेच. बाटली न बघता उजव्या हाताने ओतायचा, मी मापात घालून बघायचो, ३० म्हणजे ३०. गिऱ्हाईकासमोर त्याने कधी थेंब तोंडाला लावला नाही. मालक सांगायचे, अण्णासारखा माणूस नाही. तो घ्यायचा शटर अर्धं ओढल्यावर. एक. पुढे दोन. थकवा उतरतो म्हणायचा, आणि उतरायचाही, त्यात खोटं काही नव्हतं. मग सकाळी लिंबू कापताना सुरी थरथरायला लागली. मी फोडी कापायला लागलो आणि त्याने काही विचारलं नाही. तू दहावीला होतीस तेव्हाचं बाकीचं तुला माहीत आहे. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, आणि तरी तुझा निकाल ऐकून पेढे आणायला पैसे काढून देणारा. तुझं नाक त्याच्यासारखं आहे, वासही तशीच ओळखतेस. म्हणून मला तू या कामात चांगली होशील याची खात्री आहे आणि म्हणूनच झोप येत नाही.

तू अण्णा नाहीस, हे मला कळतं. तेवीस वर्षांची, शिकलेली मुलगी आहेस. तिकडे १८ ला पिता येतं. इथे असतीस तर महाराष्ट्राच्या कायद्याने २५ पुरी होईपर्यंत मी तुला पेग देऊ शकलो नसतो, तिथे तू तो दुसऱ्याला देणार. मैत्रिणींबरोबर सुट्टीच्या दिवशी, जेवणाबरोबर, चव बघायला म्हणून घेतलंस तर मी काही म्हणणार नाही. धंद्यातल्या माणसाला चव माहीत पाहिजे. घोट घे, तोंडात फिरव, थुंकून टाक, वहीत लिहून ठेव. दमल्यामुळे मात्र घेऊ नकोस. एवढंच.

बाकी थोडं भराभर सांगतो. लहान दिसणाऱ्याचं ओळखपत्र बघ; तिकडे पंचविशीच्या आतला वाटला की विचारावंच लागतं, त्यात लाजायचं काही नाही. बाटली कुठून आली हे माहीत नसेल, सील फुटलेलं असेल, तर ओतू नकोस. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं दारूतल्या मिथेनॉल नावाच्या विषाने गेली, काही जगली त्यांची नजर गेली. मिथेनॉल डोळ्यांनी किंवा चवीने ओळखता येत नाही. गाडी चालवणाऱ्याला सोडाच विचार. रात्री एकटी चालत जाऊ नकोस. कुणी काउंटरवर हात धरला तर हसून सोडू नकोस, मॅनेजरला बोलाव. केस बांध. नखं कापलेली ठेव. जाऊ दे, तुला हे सगळं कळतं, मी उगाच पाढे म्हणतोय. रागावू नकोस.

तू फोनवर एक विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही, की दारू जास्त झालेल्या माणसाला 'पुरे' कसं सांगायचं. चारचौघांत सांगायचं नाही. त्याचा ग्लास उचलायच्या आधी पाण्याचा ग्लास ठेवायचा, खायला काही हवं का विचारायचं, हळू बोलायचं, नाव माहीत असेल तर नावाने. मग म्हणायचं, आज मी तुम्हाला आणखी देऊ शकत नाही, उद्या या. 'तुम्ही प्यायलात' असं कधी म्हणायचं नाही. बहुतेक जण ऐकतात. अण्णाने मला हेच शब्द दिले होते.

मागच्या फळीचा फोटो पाठव, डावीकडून उजवीकडे सगळ्या बाटल्या दिसतील असा. आणि मालकाला एक विचारून ठेव, स्टाफचं ते ड्रिंक नको असेल तर त्याऐवजी रात्रीचं जेवण किंवा घरी जायला टॅक्सी देतात का. काही ठिकाणी देतात.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारते, शुक्रवारी किती वाजता सुटशील. इथे पहाट झालेली असेल, तरी फोन कर म्हणते.