अँटिबायोटिकसारखी चांदीही उधळली जाऊ नये : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जिवाणूंकडून चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, घडवून घ्यायचे आणि औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर ते वापरायचे, या संशोधनाबद्दल मला मनापासून आशा आहे. म्हणूनच कपडे आणि घरगुती वस्तूंमधला चांदीचा वापर थांबवावा, असा आपल्याकडे आग्रह धरते आहे.

चांदीच्या खाणीत सापडलेला स्युडोमोनास स्टुट्झेरी हा जिवाणू आपल्या पेशीत २०० नॅनोमीटरपर्यंतचे चांदीचे स्फटिक साठवतो, हे १९९९ साली प्रसिद्ध झालं. आज प्रयोगशाळेत जिवाणू वाढवलेलं द्रावण गाळून त्यात सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा क्षार घालतात. फिकट पिवळं द्रावण हळूहळू तपकिरी होतं. जिवाणूंची विकरं (एन्झाइम) चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, आणि त्यांचीच प्रथिनं तयार कणांभोवती वेष्टन धरतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. हा रंग चढताना कितीदा पाहिला तरी माझं मन भरत नाही.

बहुतेक अँटिबायोटिक जिवाणूच्या एखाद्याच यंत्रणेवर घाव घालतात. चांदी एकाच वेळी पेशीचं आवरण, प्रथिनं आणि डीएनए यांना इजा करते. प्रतिरोधक जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसं दगावली, असा अंदाज आहे. अशा वेळी हे हत्यार लाखमोलाचं आहे.

पण जिवाणू चांदीलाही सरावतात. १९७५ साली भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला जिवाणू आढळला. तो अँपिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकांनाही दाद देत नव्हता. पुढे कळलं की चांदी पेशीबाहेर फेकणारी जनुकं आणि अँटिबायोटिक निष्प्रभ करणारी जनुकं एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, होती. म्हणजे चांदीच्या माऱ्यात जो जिवाणू तगेल, तो अँटिबायोटिकलाही पुरून उरू शकतो. नॅनोकणांचंही तेच. ई. कोलाय हा जिवाणू त्यांच्या वारंवार संपर्कात आला की फ्लॅजेलिन हे प्रथिन जास्त बनवून कणांचे गोळे करून त्यांना निष्प्रभ करतो, हे २०१८ साली दिसलं.

आणि आपण ही चांदी वास येऊ नये म्हणून मोज्यांत घालतो! धुण्याच्या पाण्याबरोबर ती थोडी थोडी गटारात जाते आणि तिथल्या जिवाणूंना अपुरी मात्रा मिळत राहते, म्हणजे ते मरण्याऐवजी सरावू शकतात. पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेबद्दल त्याचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सावध केलं होतं. तेव्हा जगाने ऐकलं नाही.

माझी मागणी साधी आहे. जखमांची ड्रेसिंग, कॅथेटर, भाजलेल्या रुग्णांचे उपचार यांसाठी चांदी राखून ठेवा. कपडे आणि घरगुती वस्तूंमधला तिचा वापर थांबवा. चांदीचं पाणी औषध म्हणून विकणाऱ्यांनाही आवरा. त्याने त्वचा कायमची निळसर-करडी पडू शकते.

निधी देताना एक पाहावं. पेट्री डिशमध्ये जिवाणू मेले, एवढंच दाखवणारे प्रयोग आता पुरे झाले. प्रत्येक खेपेला त्याच आकाराचे कण कसे मिळतील, जिवाणूंकडून कणांसोबत येणारं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं विषारी द्रव्य) कसं काढायचं, शरीरात ही चांदी कुठे साठते, या कामाला पैसा हवा. ते किचकट आहे, त्याला वर्षं लागतील. मोज्यांतली चांदी बंद करायला मात्र तेवढं थांबायची गरज नाही.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका