चकची चावी

चि. मीनल,

अनेक आशीर्वाद.

"लेथ मशीनवर बोट कापलं, तीन टाके पडले, एवढंच," असं काल फोनवर म्हणालीस, तेव्हापासून आईला जेवण गोड लागत नाही. मी लिहिणार नव्हतो. आत्या म्हणालीही, पोरीला तिचं तिला शिकू दे.

चिप, म्हणजे धातू कापताना निघणारी पट्टी, हाताने ओढलीस ना? माइल्ड स्टीलची चिप सुतळीसारखी सलग निघते आणि तिच्या कडा ब्लेडसारख्या असतात. मशीन थांबव, मग आकड्याने काढ. हातमोजे घालून लेथवर उभी राहू नकोस, मोजा अडकला की पाठोपाठ हात जातो. वेणी टोपीत. आणि चकची चावी! फिरणाऱ्या चकमध्ये जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, आवळला की चावी लगेच ट्रेमध्ये. हात सुटेल तेव्हा चावी चकमध्ये नसली पाहिजे. आपोआप बाहेर पडणारी स्प्रिंगची चावी मिळते, ती मागून बघ.

जॉब अंडरसाइज, मापापेक्षा बारीक, गेला म्हणून बोलणी बसली, त्याचं मनावर घेऊ नकोस. ताजा कट घेतलेला जॉब गरम असतो. 50 मिमीचा जॉब 30 अंशांनी जास्त तापला तर मायक्रोमीटर जवळजवळ 0.02 मिमी जास्त दाखवतो. तू तेवढं उतरवतेस आणि थंड झाल्यावर माप खाली जातं. शेवटच्या कटाआधी थांबायचं, मायक्रोमीटरच्या टोकाच्या रॅचेटनेच मोजायचं. टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचा डायल त्रिज्येत वाचत असेल तर 0.5 दिल्यावर व्यास 1 ने उतरतो, हे विचारून घे. आकडा ओलांडलास तर तेवढंच मागे घेऊन भागत नाही, स्क्रूत ढिलाई असते. अर्धा फेरा मागे जा आणि पुन्हा पुढूनच ये.

एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने 25 मिमीचा जॉब साधारण 320 आरपीएमवर. चिप निळी पडली तर स्पीड जास्त आहे. फेसिंगला, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, मधोमध बोंड राहिलं तर टूल सेंटरच्या उंचीवर नाही. किंचाळल्यासारखा आवाज आला तर टूल बहुधा फार बाहेर काढलंयस. हा आवाज मात्र कागदावर लिहून कळायचा नाही, तो तिथे उभं राहूनच कानात बसतो.

झालं, पुन्हा शिकवणी सुरू. रागावू नकोस. सहा वर्षांची असताना काकूच्या शिलाई मशीनचा दोरा तीनदा तुटला, तेव्हा टेन्शनचा स्क्रू पाव फेरा सैल करणारी तूच. कुणी सांगितलं होतं तुला? दादाला अजून जमत नाही.

टाके निघेपर्यंत बोट कूलंटमध्ये घालू नकोस. पट्टीचं टोक लोंबतं ठेवू नकोस, तेही चकमध्ये जातं.

तुझे बाबा

ता. क. चावी ट्रेमध्येच ठेवतेस ना?