केळीला पांघरलेली गोधडी

लीड्स, १४ डिसेंबर

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं, "मागं अंगणात ते पांढरं काय उभं केलंय? भूत दिसतंय." मी सांगायला तोंड उघडलं आणि तुमच्याकडची लाईट गेली. ते भूत म्हणजे केळी आहे, बाबा. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मध्येच हसला असता आणि माझं अर्धंच सांगून झालं असतं, म्हणून लिहिते.

ही आपल्या बागेतल्या जातींपैकी बसराई नाही आणि ग्रँड नैनही नाही. हिचं नाव मूसा बास्जू. इथले लोक हिला जपानी केळी म्हणतात, मूळची मात्र दक्षिण चीनची. हिला फळ धरलंच तर बोटाएवढं, आत काळ्या टणक बिया, गर नावालाच. तीन वर्षांपूर्वी मी ती आणली तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "खाता येत नही तं मंग केयी लावली कायले?" तेव्हा मी विषय बदलला होता. खरं उत्तर एवढंच की पानासाठी लावली. पाऊस केळीच्या पानावर वाजतो तसा दुसऱ्या कशावर वाजत नाही. आणि पाऊस इथे म्हणाल तेवढा आहे.

पारा शून्याखाली गेला की एका रात्रीत पानं काळी पडून लोंबतात, उकडलेल्या पालकासारखी. उणे पाचाच्या आसपास खोडही जातं. पण वरून नीट झाकलेला कंद उणे दहापर्यंत, कधी त्याच्याही खाली, तग धरतो. तुम्हीच लहानपणी वाळलेलं खोड सोलून दाखवलं होतं, की हे खोडच नव्हे, पानांच्या देठांची गुंडाळी आहे, खरा जीव कंदात. घड निसवायच्या, म्हणजे बाहेर पडायच्या, आधी शेंडा वर सरकतो, तोवर तो खालीच बसलेला असतो. ते वाक्य नसतं तर पहिल्या हिवाळ्यानंतर मी कंद उपटून कचऱ्यात टाकला असता.

पहिल्या वर्षी काय झालं ते आईपासून आजवर लपवलंय. आई, तू दिलेली ती जुनी गोधडी, निळ्या लुगड्याची, मी केळीला पांघरली. रागावू नकोस, पुढचं ऐक. मी हुबेहूब बाबांसारखं केलं. थंडीची लाट आली की तुम्ही रात्री बागेला पाणी सोडता, कडेला ओला काडीकचरा पेटवून धूर करता, घडांना पातळ कापडाच्या स्कर्टिंग बॅगा घालता. पारा दहाच्या खाली उतरला की केळी वाढायची थांबते, निसवण अडते, घड गळ्यातच अडकून बसतो, हे मला पाठ होतं. म्हणून मीही थंडी वाढली की पाणी घालत गेले, आणि वरून गोधडी. धूर मात्र केला नाही, शेजाऱ्यांनी अग्निशमन दल बोलावलं असतं.

महिन्याभरात गोधडी भिजून दगडासारखी जड झाली. मार्चमध्ये काढली तर आत नुसता चिकट लगदा आणि कुजक्या कोबीचा वास.

मग डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे विहिरीचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन दिवसभराची ऊब धरून रात्री सोडते. शिवाय आपल्या बागेची थंडी चार-आठ दिवसांची, दुपारी ऊन पडलं की केळी पुन्हा कामाला लागते. इथे ऑक्टोबरनंतर ती जी झोपते ती एप्रिलपर्यंत. झोपलेलं झाड पाणी पीत नाही, ते पाणी कंदाभोवती साचतं आणि कूज धरते. म्हणजे इथे केळीला थंडीपेक्षा ओल जास्त मारते. तुमची सगळी विद्या मला उलटी करून वापरावी लागली!

आता कसं करते ते सांगते. पहिलं दव गोठून पानं काळी पडेपर्यंत हात लावत नाही, शेवटच्या दिवसापर्यंत तीच झाडाला पोसतात. मग पानं कापायची, खोड माझ्या खांद्याएवढं ठेवायचं. भोवती वीतभर जागा सोडून कोंबड्यांच्या जाळीचं पिंजऱ्यासारखं कडं करायचं आणि त्यात गव्हाचं काड सैल भरायचं. दाबून भरलं तर ऊब टिकत नाही, ऊब काडात नसून काडातल्या हवेत असते. (हे काड इथे सशांच्या बिछान्यासाठी पिशवीत बांधून विकतात. बाबा, त्याची किंमत मी तुम्हाला सांगणार नाही.) बुडाशी वाळक्या पानांचा जाड थर. बाहेरून पांढरं कापड, तुमच्या स्कर्टिंग बॅगेच्याच जातीचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोक्यावर पालथी बादली, पाऊस वरून खोडात उतरू नये म्हणून. तुम्हाला भुताचं डोकं वाटलं ती बादलीच.

एप्रिलमध्ये उघडलं की वरचा भाग हमखास सडलेला निघतो. तो सुरीने चकत्या-चकत्या करत खाली उतरायचं, पांढरं स्वच्छ मधलं पान दिसलं की थांबायचं. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी तिथून गुंडाळलेल्या पानाचा हिरवा पोंगा वर आला, बोटभर. मी ऑफिसला उशिरा गेले. खोड न वाचवता दरवर्षी जमिनीलगत छाटलं तरी कंदातून नवे मुनवे फुटतात, पण मग उंची पुन्हा शून्यापासून, आणि केळफूल बघायला मिळत नाही. मला एकदा तरी केळफूल बघायचंय.

शेजारच्या आजी रोज कुंपणावरून विचारतात, "तुमचे पाहुणे आत बरे आहेत ना?"

आणखी एक गंमत. इथून दीडेक तासावर चॅट्सवर्थ नावाचा वाडा आहे. डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांचे माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी तिथल्या काचघरात केळी वाढवली, १८३५ मध्ये ती फुलली. त्या जातीला मालकाचं आडनाव मिळालं. आपली बसराई आणि ग्रँड नैन दोन्ही त्याच कॅव्हेंडिश गटातल्या. म्हणजे सावद्याच्या स्टेशनावरून दिल्लीला केळी भरून गेलेल्या वॅगनींवर एका इंग्रज सरदाराचं नाव होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. तुम्ही आलात की तिकडे नेईन.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला बसले ते. शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे आणि तुम्ही दोन वाजता एकटे मोटार सुरू करायला विहिरीवर जाता, हे आईने सांगितलं. खोकला पंधरा दिवसांचा आहे हेही तिनेच सांगितलं, तेव्हा "काही नाही, जरा घसा धरलाय" असं मला लिहू नका. मोबाईलवरून मोटार सुरू होणारा स्टार्टर काकांच्या शेतात बसवलेला आहे, दादाला सांगून आपल्याही विहिरीवर बसवून घ्या. पैसे मी आजच पाठवलेत, परत करू नका. तो बसेपर्यंत पाणी सोडायला गडी जाईल. तुम्ही स्वेटर, मफलर, कानटोपी घालून घरात बसा, आणि कांदेबागेतल्या नव्या केळीवर हरण्या रोग दिसतोय का ते दिवसा उजेडी जाऊन बघा.

आई, गोधडीची चिंध्या झालेली एक पट्टी मी धुऊन ठेवली आहे. तुझ्याकडे त्या लुगड्याचा तुकडा उरला असेल तर जपून ठेव, मे महिन्यात येते तेव्हा आपण दोघी मिळून शिवू.

तुमची,
लेक