ताई, तुमच्या सहा ओळींसाठी

प्रिय ताई,

२०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि मी कणकवलीच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. रेल्वेगाडीचं आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी उघडायचं, म्हणजे मे महिन्यातच. मला आठवण झाली जूनमध्ये. सगळीकडे 'रिग्रेट', म्हणजे वेटिंगचं तिकीटही नाही. शेवटी बसने निघालो आणि रात्रभर महामार्गावर अडकलो. बाबांचे गुडघे दुखतात, तरी त्यांनी एकट्याने स्टुलावर चढून माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळं-नारळ टांगायची चौकट, बांधली होती. एक नारळ वाकडा लटकत होता. तो अजून डोळ्यांसमोर आहे.

परत आल्यावर डबा खाताना हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही विचारलंत, "गणपती कधी ते सोड. तुला हलायचं कधी असतं?" आणि जेवण झाल्यावर माझ्याच टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकावर कमांड टाइप करायच्या खिडकीत, सहा ओळींची स्क्रिप्ट लिहून दिलीत: खिडकी उघडली की कुठल्या कामासाठी कधी हलायचं ते सांगणारा छोटा प्रोग्राम.

'डेट' कमांड कुठल्याही तारखेचे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद सांगते. दोन तारखांची वजाबाकी करायची, ८६,४०० ने भागायचं, की दिवस हातात. पण चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. तिथी अशा साध्या गणितात बसत नाही. म्हणून तुम्ही वेगळी फाईल ठेवलीत. एका ओळीत तारीख, किती दिवस आधी हलायचं तो आकडा आणि नाव. दर वर्षी कालनिर्णय उघडून मी ती भरतो. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवसांवर आलं, तेव्हा १२० खोडून ६० लिहिलं, बस. तुम्ही तो आकडा स्क्रिप्टमध्ये कोंबला नव्हतात, याचं मोल मला त्या दिवशी कळलं.

तेव्हाच तुम्ही युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीची गोष्ट सांगितलीत. १९७९ च्या आवृत्तीतही 'कॅलेंडर' नावाची कमांड होती, आज-उद्याच्या ओळी दाखवणारी. शनिवार-रविवार आले की तिचा 'उद्या' सोमवारपर्यंत लांबायचा. इतकं माणसांचं भान एका कमांडला असावं, हे मला फार आवडलं.

माझ्या बहिणीचेही आभार पोचवतो. ती न्यू जर्सीला असते. तीच स्क्रिप्ट तिच्याकडे हिवाळ्यात एक दिवस कमी दाखवत होती. मी हात टेकले होते. तुम्ही लगेच ओळखलंत: तिथे मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे जातात, मधला एक दिवस २३ तासांचा होतो, आणि भागाकारात तो पूर्ण दिवसच गळून पडतो. दोन्ही तारखा यूटीसीत, म्हणजे घड्याळं कधीच मागेपुढे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, मोजायला लावल्यात आणि हिशोब जुळला. स्वतःचं काम बाजूला ठेवून, रात्री साडेनऊला.

२०२५ च्या २६ जूनला सकाळी टर्मिनल उघडलं तर पहिलीच ओळ: 'ठाणे-कणकवली तिकीट : आज, ८ वाजता'. तिकीट कन्फर्म मिळालं. माटवी मी बांधली. बाबा खाली उभे राहून एकेक फळ हातात देत होते, "जरा डावीकडे घे" म्हणत होते.

२०२६ ची ओळही घातली आहे: १२ सप्टेंबरची गाडी, तिकीट १४ जुलैला. दोन तिकिटं जास्तीची लिहिली आहेत, तुमच्यासाठी आणि काकांसाठी. बाबांनी सांगितलंय, ताईंना घेऊनच ये.

तुमचा,
शेजारच्या टेबलवरचा कणकवलीकर